रोबोटिक्सचा संच की लॅमिंग्टन रोड? लॅबवाल्याचा रिव्ह्यू

शाळेसाठी रोबोटिक्सचं सामान घ्यायचं तर मुंबईत दोन वाटा आहेत. एक म्हणजे कंपनीचा माणूस बॅग घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये येतो, टेबलावर छोटी गाडी फिरवून दाखवतो आणि दरपत्रक ठेवून जातो. दुसरी म्हणजे आपणच ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गाळ्यागाळ्यांतून सुटं सामान घेत फिरायचं. आमच्या शाळेत दोन्ही झालंय. दोन्हीकडचा माल माझ्या ताब्यातल्या एकाच लोखंडी कपाटात, वरच्या आणि खालच्या फळीवर आहे. कुणी विचारलं की दोन्ही काढून दाखवतो. हल्ली विचारणारे वाढलेत, म्हणून लिहूनच टाकतो.

मी शिक्षक नाही. परळ-लालबागकडच्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. तास सुरू व्हायच्या आधी सामान मांडायचं आणि तास संपल्यावर किती परत आलं ते मोजायचं, हे माझं काम. त्यामुळे या रिव्ह्यूत 'मुलांचा आत्मविश्वास वाढला' वगैरे सापडणार नाही. वस्तू किती टिकते, कपाटात परत कशी जाते, बिघडली तर कुणाकडे न्यायची आणि पुढच्या जूनमध्ये ती चालू होते का, हे माझे प्रश्न.

आधी संच. कंपनीचं नाव लिहीत नाही. या धर्तीचे चार-पाच संच बाजारात आहेत, आणि मला कुणाशी वाकडं घ्यायचं नाही. माजी विद्यार्थी संघाने पैसे दिले, सव्वा लाखाच्या आतबाहेर दहा संच आले. खोका देखणा. आत फोममध्ये कापलेले कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एकेक वस्तू: सगळं चालवणारी एक बंद पांढरी डबी, दोन मोटरी, चाकं, प्रकाशाचा सेन्सर, अंतराचा सेन्सर, बझर, आणि टोकाला खटकन बसणाऱ्या वायरी.

चांगलं ते मनमोकळेपणाने सांगतो. ती टोकं उलटी बसतच नाहीत. चुकीच्या जागी लावली तर काही जळत नाही, फक्त चालत नाही. आमची तासिका ३५ मिनिटांची. त्यातली पाच मिनिटं वर्गातून रांगेने लॅबमध्ये येण्यात जातात, पाच परत जाण्यात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत साठ मुलांना काहीतरी हललेलं दिसलं पाहिजे, नाहीतर मागच्या बाकांवर बाजार भरतो. सातवीच्या मुलांनी पहिल्याच तासाला गाडी चालवली. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी सोय म्हणजे तो फोम. खोका उघडला की रिकामा खड्डा लगेच दिसतो. कोणती वस्तू कोणाच्या खिशात गेली ते मुलं जिना उतरायच्या आत कळतं. साठ मुलांमध्ये ज्याने कधी सुटं सामान वाटलेलं नाही त्याने संचाला नावं ठेवू नयेत.

आता दुसरी बाजू. तो संच टॅबवरच्या अ‍ॅपशिवाय हलत नाही. अ‍ॅपला लॉगिन लागतं, लॉगिनला इंटरनेट. आमचं वायफाय ऑफिसपासून फार तर स्टाफरूमपर्यंत पोचतं. लॅब तिसऱ्या मजल्यावर, जाड भिंतींची. मग माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. दहा टॅब एका हॉटस्पॉटवर लॉगिन करायला बसले की पंचवीसातली दहा मिनिटं गोल फिरणारं चक्र बघण्यात जातात. वर्ष संपलं तसा कंपनीचा ईमेल आला: परवाना नूतनीकरण. म्हणजे गाडी आपली, चाकं आपली, पण किल्ली त्यांच्याकडे. नूतनीकरणाला पैसे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे यावर ऑफिसात बरीच चर्चा झाली आणि तोवर अर्धं सत्र गेलं. दोन बॅटऱ्या फुगल्या. त्या खास मापाच्या, बाहेर मिळत नाहीत, आणि कंपनीकडून मागवायच्या तर कुरियर धरून जो भाव सांगितला तो ऐकून मुख्याध्यापिका बाई माझ्याचकडे संशयाने बघायला लागल्या.

मात्र माझी खरी तक्रार वेगळीच आहे. त्या संचातला अंतराचा सेन्सर ० ते १०० असा आकडा दाखवतो. शंभर काय? सेंटिमीटर नाही, इंच नाही. भिंत जवळ आली की आकडा कमी होतो, बस. डबी बंद, आत काय चाललंय ते दिसत नाही आणि विचारायची सोय नाही. मुलगा विचारतो, "सर, चाळीस म्हणजे किती लांब?" मी काय सांगू? इंग्रजी पुस्तिकेत चित्रं आहेत: हे इथे जोडा, ते तिथे जोडा, हे बटण दाबा. पुस्तिकेतल्या कृती संपल्या की मुलांच्या लेखी संच संपला. नंतर ती चाकं काढून भिंगरी फिरवत बसतात.

एक प्रसंग मात्र संचाच्या खात्यावर जमा करायला हवा, जरी त्यात कंपनीचं काही कर्तृत्व नाही. काळ्या रेषेवरून चालणारी गाडी हा त्यांचा हुकमी एक्का. केबिनमध्ये त्यांच्या माणसाने स्वतःची गुळगुळीत पांढरी चटई अंथरून ती दाखवली होती. आमच्या लॅबमध्ये जुनी मोझॅकची लादी, काळ्यापांढऱ्या खड्यांची. सेन्सर खाली अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, प्रकाश टाकतो. पांढऱ्यावरून तो परत येतो, काळ्यात शोषला जातो, त्यावरून गाडी रस्ता ओळखते. आमच्या लादीवर तिला जिकडेतिकडे रस्ताच रस्ता. मी ड्रॉइंगचे पांढरे कागद जोडून त्यावर काळी इन्सुलेशन टेप लावली. मग गाडी सुरेख चालली, पण सकाळच्या अधिवेशनात. दुपारच्या मुलांकडे चारनंतर तीच गाडी भिरभिरायची. बॅटरी बदलली, टेप बदलली, गुण नाही. शेवटी आठवीतल्या एका पोराने गाडीवर वही आडवी धरली आणि वहीच्या सावलीत गाडी निमूट रेषेवरून चालायला लागली. आमच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून येणारं ऊन. उन्हातही अवरक्त प्रकाश असतो आणि सेन्सरला तो आपलाच परत आलेला वाटतो. प्रोजेक्टरसाठी लावलेला पडदा ओढला आणि काम झालं. त्या दिवशी मुलं तास संपला तरी जायला तयार नव्हती. पुस्तिकेत यातलं काही नाही.

आता लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने टॅक्सीवालाही गोंधळतो. १९०३ ते १९०७ या काळात लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईचा गव्हर्नर होता, त्याचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. मला लोअर परळवरून स्लो गाडी सोयीची: महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड. पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटं चालायचं. रस्त्यावर दर्शनी दिसतात ती सीसीटीव्ही, लॅपटॉप आणि प्रिंटरची मोठी दुकानं. आपलं सामान तिथे नाही. ते इमारतींच्या आत, बोळातून शिरल्यावर, एकेका माणसाला जेमतेम उभं राहता येईल अशा गाळ्यांत. भिंतभर प्लास्टिकचे छोटे खण, त्यांवर स्केच पेनने लिहिलेले आकडे, आणि वर माळ्यावर बसलेला एक पोरगा जो खालून हाक आली की पाकीट टाकतो. भाषा हिंदी, मधूनमधून गुजराती. पहिला प्रश्न: "कितना नंग?"

या प्रश्नावर भाव ठरतो. एक नग म्हणालात की तोंडाकडे बघतील. 'स्कूल के लिए, पच्चीस' म्हणालात की स्टूल पुढे येतं. एलईडी रुपया-दीड रुपयाला. विजेची धारा आवरणारे रोध, म्हणजे रेझिस्टर, शंभर नगांच्या पट्टीत, तेही अगदी स्वस्त. अंतर मोजणारा सेन्सर, ज्याच्यावर एचसी-एसआर०४ असं छापलेलं असतं, शंभराच्या आत. निळ्या रंगाची छोटी सर्व्हो मोटर, सांगितलेल्या कोनात वळणारी, शंभराच्या आसपास. पिवळ्या रंगाच्या ज्या मोटरींना तिथे सगळे 'बीओ मोटर' म्हणतात त्या पन्नासच्या घरात. आणि कॉम्प्युटरवरून प्रोग्राम टाकला की या सगळ्यांना चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड चारशेच्या आसपास.

या चारशेच्या बोर्डाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण स्टाफरूममध्ये लगेच 'डुप्लिकेट आहे' असा शेरा येतो. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावी सुरू झाला, विद्यार्थ्यांना परवडेल असा बोर्ड म्हणून. त्याचा आराखडा त्यांनी खुला ठेवला. त्यामुळे कुणीही तसाच बोर्ड बनवून विकू शकतो. फक्त त्यांचं नाव आणि चिन्ह वापरायचं नाही. स्वस्त बोर्डांवर कॉम्प्युटरशी बोलणारी चिप बहुधा सीएच३४० असते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला ती ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, वेगळा टाकावा लागतो. तो पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर बोर्ड लावला तरी कॉम्प्युटर ढिम्म. आणि शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जुनी ३२ बिटची यंत्रं असतील, जी मराठी शाळांत असतातच, तर आर्डुइनोचं नवं सॉफ्टवेअर चालणार नाही. जुनं १.८.१९ टाका. ते फुकट आहे, इंटरनेट नसतानाही चालतं आणि लॉगिन मागत नाही. माझ्या लेखी या एका गोष्टीवर सव्वा लाखाचा संच हरतो.

सामान घेताना काय बघायचं? बोर्ड गाळ्यातच कॉम्प्युटरला लावून दाखवायला सांगायचा. ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायची भोकाभोकांची पाटी, उचलून त्याच्या कडेच्या लाल-निळ्या रेघा बघायच्या. काही ब्रेडबोर्डांत ती लाल रेघ मध्यावर तुटलेली छापलेली असते, आणि छपाई तुटलेली म्हणजे आतली पट्टीही तुटलेली. वरच्या अर्ध्यात पाच व्होल्ट, खालच्या अर्ध्यात शून्य. हे ठाऊक नसलं की अख्खा तास 'सर, आमचाच दिवा का लागत नाही' यात जातो. त्यात खोचायच्या जंपर वायरी सगळ्यात स्वस्त घेऊ नका. टोकाशी तुटतात, पण वरचं प्लास्टिक शाबूत राहतं, त्यामुळे तुटलेली ओळखता येत नाही. मी प्रत्येक तासानंतर मल्टिमीटरचा 'टीं' आवाज ऐकत वायरी तपासतो. कंटाळवाणं काम आहे. शाळेत तंत्रज्ञान आणायचं म्हणजे कुणीतरी हे बसून करायचं, आणि त्याची तरतूद कुठल्याही परिपत्रकात नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आणि व्यवसायांची तोंडओळख आली. वायरी तपासणारा माणूस मात्र आला नाही. कित्येक शाळांत तर माझं हे पदही रिकामंच आहे.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घेऊ नका, गाळेवाला हमखास पुढे करतो. मोटरीला जेवढी धारा लागते तेवढी देताना ती दमते, व्होल्टेज खाली येतं आणि बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. पोरांना वाटतं प्रोग्राम चुकला. मोटर चालवायला तिथे सगळे लाल रंगाचा एल२९८एन ड्रायव्हर देतात; हा प्रोग्राम नव्हे, बोर्डाच्या हुकमावर मोटरीला वीज देणारी पाटी. तो मध्येच दोनेक व्होल्ट खातो, म्हणजे चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट दिले तर मोटरीला चारच मिळतात. गाडी चालते, रेंगाळत. रिचार्ज होणारे लिथियमचे सुटे सेल मुलांच्या हातात मी देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. शॉर्ट झाला तर पेटतो.

आता ज्या तासासाठी हा सगळा खटाटोप, तो सांगतो. नववीच्या विज्ञानात 'ध्वनीचा अभ्यास' हे प्रकरण आहे. त्यात प्रतिध्वनी आहे, सोनार आहे, म्हणजे आवाज पाठवून प्रतिध्वनीवरून पाण्यातलं अंतर मोजायची पद्धत. दरवर्षी आमच्या विज्ञानाच्या बाई फळ्यावर जहाज काढतात, समुद्राचा तळ काढतात आणि खाली जाणारा, वर येणारा बाण काढतात. या खेपेला म्हणाल्या, "ते दोन डोळेवालं आणलंत ना सर? ते काढा." त्या सेन्सरला समोर दोन चंदेरी डब्या असतात. एक ४०,००० हर्ट्झचा आवाज काढते, जो आपल्याला ऐकू येत नाही, दुसरी परत आलेला आवाज टिपते. आर्डुइनो मधला वेळ मोजतो, मायक्रोसेकंदांत.

बाईंनी एक गोष्ट आधीच बजावली होती: पडद्यावर सेंटिमीटर दिसता कामा नयेत. इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार प्रोग्राममध्ये वेळेवरून अंतर काढणारी एक ओळ असते, तीच आम्ही खोडली. फक्त वेळ दिसू दे, बाकीचं मुलं करतील. सेन्सर लाकडी ठोकळ्यावर चिकटपट्टीने बसवला. भिंतीपासून ५० सेंटिमीटरवर खडूने एक रेघ, १५० सेंटिमीटरवर दुसरी. दोन्ही ठिकाणी वाचन घ्यायचं आणि वजाबाकी करायची. वजाबाकी अशासाठी, की सेन्सरची स्वतःची उशीर करायची जी काही खोड असेल ती दोन्हीकडे सारखीच, ती उडून जाते. हे बाईंचं डोकं, माझं नव्हे.

फरक ५,७२० मायक्रोसेकंदांच्या आसपास आला. एक मीटर जादा अंतर म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर. दोन भागिले ०.००५७२. वह्यांत साडेतीनशेच्या जवळचा आकडा आला, कुणाचा ३४९, कुणाचा ३५०. फळ्यावर बाईंनी सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं: ध्वनीचा हवेतला वेग, ३४३ मीटर प्रतिसेकंद. मागून आवाज आला, "बाई, सेन्सर खराब आहे. लॅमिंग्टनचा माल!" वर्ग हसला. मीही हसलो, जरा घाबरत, कारण माल मी आणला होता.

बाईंनी ३४३ च्या पुढे लिहिलं: २० अंश सेल्सिअसला. मग मला म्हणाल्या, "सर, तापमापी द्या." ऑक्टोबरची दुपार, पंखा गरम वारा फेकतोय. तापमापी ३१ वर. हवा एक अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. अकरा अंश म्हणजे ६.६. ३४३ मध्ये ६.६ मिळवा. ३४९.६. वर्ग एकदम गप्प झाला आणि मग एकदम बोलायला लागला. 'खराब माल' म्हणणारा पोरगा उठून स्वतः तापमापी बघून आला.

नंतर त्यांनी सेन्सरसमोर काय काय धरून पाहिलं ते लिहीत बसलो तर पान भरेल. पाटी सरळ धरली तर वाचन येतं, तिरकी धरली की भलताच आकडा येतो, कारण आवाज परावर्तित होऊन दुसरीकडेच जातो. ऑफिसातल्या खुर्चीची उशी आणली तर वाचन नाचायला लागलं. ती उशी अजून लॅबमध्येच आहे, कुणी मागायला आलेलं नाही.

हे साठच्या साठ मुलांनी केलं असं मात्र समजू नका. सहा गट, दहा-दहाचे. प्रत्येक गटात दोघं-तिघं हात लावतात, दोघं लिहितात, उरलेली मान लांब करून बघतात. मुली मागे राहतात आणि मुलगे बोर्ड बळकावतात. बाईंनी दुसऱ्या तासापासून बोर्डाला हात मुलीनेच लावायचा असा नियम केला, तेव्हा कुठे गाडं रुळावर आलं. आणि त्या एका तासाची तयारी शाळा भरायच्या आधी येऊन करावी लागली. बोर्डांत प्रोग्राम टाकून ठेवणं, ठोकळे, रेघा, सगळं. संचाला इतकी तयारी लागत नाही. ज्या शाळेत बाईंसारखं कुणी नाही आणि लॅबमध्ये कुणी बसत नाही तिथे लॅमिंग्टन रोडचा माल पाकिटांतच राहील, हे मी लिहून देतो.

मोडतोड भरपूर होते, पण स्वस्तात होते. एलईडी पोरांनी रोध न लावता थेट जोडले; भप्पकन पेटून गेले. ते मी मुद्दाम एकदा होऊ देतो. मग 'धाराविद्युत' प्रकरणातला ओहमचा नियम काढायचा: बोर्डाचे ५ व्होल्ट, त्यातले २ एलईडीचे, उरले ३, २२० ओहमचा रोध लावला तर सुमारे १४ मिलिअँपिअर. लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचा रोध कोणता ते त्यानंतर पोरं अंधारातही शोधतील. संचात असं काही जळतच नाही. कपाटाच्या दृष्टीने ते बरं.

शिकायचं कुठून, असं शिक्षक विचारतात. यूट्यूबवर ढीगभर आहे, पण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाकडे आधी वळा. छोटे-छोटे धडे, बघता बघता शेजारी करत जायचं अशी पद्धत, डाउनलोड करून इंटरनेटशिवाय चालतात आणि बऱ्याच विषयांचे धडे मराठीतही आहेत. आर्डुइनोचीही मालिका आहे. आमच्या बाई तिथूनच शिकल्या, लोकलमध्ये बसून.

मग शाळा संचच का घेतात? कारण संच ऑफिसला सोपा पडतो. कंपनी दरपत्रक देते, पक्कं बिल देते, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र देते, फोटो काढून देते. डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, एका ओळीत नोंद होते: रोबोटिक्स संच, नग १०. लॅमिंग्टन रोडचं सामान नोंदवायचं तर चाळीस ओळी, आणि अर्धं सामान वर्षअखेरीला मोडलेलं. फुटलेल्या एलईडीचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून ते कमी करणं, कसं करायचं यावर आमच्या क्लार्कने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. यावर उपाय एकच: बोर्ड, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन डेडस्टॉकला, वायरी, एलईडी, रोध, सेन्सर हे रसायनांसारखे संपणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत. अ‍ॅसिड वापरून संपतं, कुणी त्याचा हिशोब मागत नाही, तसंच हे. ऑडिटला चाललं.

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबचं २० लाखांचं अनुदान ज्या शाळांना मिळालंय त्यांचं गणित निराळं. थ्रीडी प्रिंटरपर्यंत सगळं येतं. त्या शाळांनी हा लेख सोडून द्यावा. आमच्यासारख्यांना माजी विद्यार्थ्यांच्या देणगीवर भागवायचं असतं.

गुण द्यायचेच तर संचाला पाचपैकी अडीच. पाचवी ते सातवीला, पहिल्या ओळखीला तो उत्तम. पण दहा घेऊ नका, तीन पुरे, आणि बिनइंटरनेटचा चालतो का ते केबिनमध्ये नव्हे, तुमच्या लॅबमध्ये चालवून बघा. बॅटरी साधी, बाजारात मिळणारी असेल तरच घ्या. लॅमिंग्टन रोडला चार, एक गुण परतावा न देण्याबद्दल कापला. 'बिका हुआ माल' ही पाटी तिथे नावापुरती नाही.

आठवी-नववीसाठी पाच हजारांत सुरुवात होते: सहा बोर्ड, सहा ब्रेडबोर्ड, सहा अंतराचे सेन्सर, प्रकाशाने बदलणारे रोध मूठभर, एलईडी आणि २२० ओहमचे रोध शेकड्यांनी, दोन प्रकारच्या जंपर वायरी आणि एक बरा मल्टिमीटर. मोटरी पहिल्या वर्षी आणूच नका. गाडी फिरायला लागली की पोरं मोजायचं विसरतात. डबे म्हणून मी घरातले आइस्क्रीमचे रिकामे डबे वापरतो, प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली. फोमची बरोबरी होत नाही, पण मोजता येतं.

बिलाचं आधी बोलून घ्या. सांगितलेला भाव बहुतेक वेळा बिलाशिवायचा असतो, पक्कं बिल म्हटलं की वर १८ टक्के जीएसटी लागतो. तीन दरपत्रकं लागणार असतील तर तीन गाळ्यांचे लेटरहेड त्याच फेरीत मागून घ्या, देतात. शाळेचं नाव कागदावर देवनागरी आणि इंग्रजीत लिहून न्या. आमच्या पहिल्या बिलावर विद्यालयाचं 'विद्युतालय' झालं होतं आणि क्लार्कने ते परत पाठवलं. रविवारी जाऊ नका, शटरं बंद असतात. शनिवारी दुपारनंतर इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टवाल्या पोरांची झुंबड. आठवड्यात मधल्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास गेलात तर गाळेवाला निवांत असतो आणि सहाच्या सहा बोर्ड लावून दाखवायला कुरकुरत नाही.